पाचवा हात

मालगाडी चालवणाऱ्या कुदोला वळणावर रुळांच्या दुरुस्तीसाठी वाकलेली पाच पिवळी हेल्मेटं दिसली. त्याने भोंगा वाजवला. माणसं बाजूला पळाली आणि ‘सुखरूप आहोत’ हे चालकाला कळावं म्हणून नेहमीप्रमाणे त्यांनी एकेक हात वर केला. हात चारच होते. कुदोने ब्रेक दाबला. गाडी बरीच पुढे जाऊन थांबली. तो उतरला आणि एकेका चाकाखाली वाकून बघत मागे निघाला. प्रत्येक वेळी वाकण्याआधी तो डोळे मिटत होता. शेवटच्या डब्यापाशी हसणं ऐकू आलं. “इगाराशी भाताच्या खाचरात घसरला, साहेब!” मुकादम ओरडला. “बेडकांची विचारपूस करायला गेला होता!” छातीपर्यंत चिखलाने माखलेला इगाराशी ओशाळून कमरेत वाकला. “हात वर करा,” कुदो म्हणाला. “आता कशाला?” “करा म्हणतो ना!” हसणं थांबलं. इगाराशीने हात वर केला. तेव्हा कुठे कुदो मटकन खडीवर बसला.