पाठ असलेला नंबर

काकांनी खुर्च्या दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि मी त्यांना वेबसाइट करून दिली. फोटोत खुर्च्यांपेक्षा काकांचं पोटच जास्त दिसत होतं, तरी शेकडो लोक बघून गेले. काम मात्र एकही आलं नाही.

"तुझी वेबसाइट बिनकामाची आहे," काका करवादले.

मी दुकानात जाऊन वेबसाइटवरचा नंबर लावला, तर फळीवर चार्जिंगला लावलेला काकूचा फोन खणखणला. स्क्रीनवर बासष्ट मिस्ड कॉल!

"काका, काकूचा नंबर कशाला सांगितलात?"

"मला तेवढाच पाठ आहे."

"मग उचलायचा तरी!"

"छे! तिच्या फोनला हात लावलेला तिला आवडत नाही."

काकूला जाऊन सात महिने झालेत. फोन बघायला मी चार्जरची वायर काढली होती, ती गुपचूप परत लावली.