कबरीवरची ओळ

"एक शब्द जरी बदललात ना फादर, तर तुमचा हात छाटीन," म्हणत इनासने केळी तोडायचा कोयता टेबलावर आपटला. खून झालेल्या पोराच्या कबरीसाठी त्याने जहाजावर शिकलेल्या इंग्रजीत एक ओळ लिहून आणली होती: 'माझ्या पोराला मारणारा इथे वाकला, की त्याची मान माझी.' ती त्याला लॅटिनमध्ये हवी होती, म्हणजे गावात फादरांशिवाय कुणालाच वाचता येणार नाही.

फादरांच्या मनात आलं, 'मारणाऱ्याला क्षमा मिळो' असं लिहून दिलं तर इनासला काय कळणार आहे? पण गावात येण्याआधी पाद्री घडवणाऱ्या सेमिनरीत वर्षानुवर्षं लॅटिन शिकवलेला त्यांचा हात खोटं लिहीना. ओळ जशीच्या तशी दगडावर कोरली गेली.

मृतांच्या स्मरणदिनी अख्खं गाव कबरीकबरीवर मेणबत्त्या लावतं. पोराचा खून पचवून, पुराव्याअभावी सुटलेला बस्त्यावही आला. आला नसता तर लोकांनी त्याला तोंडावर खुनी म्हटलं असतं. पोराच्या कबरीपुढे गुडघे टेकण्याआधी तो थबकला.

"फादर, हे काय लिहिलंय?"

त्याच्या मागे इनास येऊन उभा राहिला होता. फुलांच्या पिशवीतून डोकावणारी कोयत्याची मूठ फादरांना दिसली. खरा अर्थ सांगितला, तर बस्त्याव वाचणार होता.

शवपेटीत ठेवण्याआधी पोराचा ठेचलेला चेहरा फादरांनी स्वतः धुतला होता.

"'शांती लाभो' असं लिहिलंय," फादर म्हणाले. "वाक, बाळा. नीट वाक."