सावलीकडची खिडकी

गजेंद्रनं खांद्यावरचा दुपट्टा खिडकीकडं फेकला आणि तो काचेवर आपटून परत त्याच्याच पायाशी पडला. जपानी गाडीच्या खिडक्या उघडतच नव्हत्या. मागं फलाटावर रंगवलेल्या पट्ट्याला पाय जुळवून माणसं रांगेत उभी होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

पण सिंदी रेल्वे गावचा गडी असा हरतो थोडाच! कटलरीच्या दुकानाचा माल आणायला नागपूरला जाता-येता त्यानं दुपट्टा टाकून जागा पकडण्यात नाव कमावलं होतं. एकदा तर एका वऱ्हाडाला दुसऱ्याच वऱ्हाडाच्या जागेवर बसवून दिलं आणि दोन्ही लग्नांत जेवून आला. दार उघडलं तसा तो रांगेच्या बगलेतून आत शिरला, दोन सीटांवर दुपट्टा पसरला आणि बायकोला, नलूला, ऐटीत हात केला.

नलूनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. इथं नोकरीला असलेल्या अंकितानं, त्यांच्या लेकीनं, या एका डब्याच्या गाडीचा व्हिडिओ पाठवला होता. पाणी इतकं जवळ, की खिडकीतून आत येईल असं वाटायचं. सिंदीत पोळ्या लाटताना नलू तो लावून ठेवायची. जपानात येऊन तिनं दुसरं काही मागितलं नाही. मला त्या खिडकीतून पाहायचंय, एवढंच म्हणाली. उद्या परतीचं विमान होतं. अंकिताला सुट्टी नव्हती, तिनं दोघांना फलाटावर सोडलं. खिडकी माझ्यावर सोड, असं गजेंद्र छाती ठोकून म्हणाला होता.

बोगदा संपला आणि डबा उजळून निघाला. समुद्र आला. पलीकडच्या बाजूला आला.

यांच्या काचेबाहेर डोंगर होता, त्याला सिमेंटची भिंत, भिंतीवर शेवाळ. बसताना ऊन पलीकडून येत होतं. वर्धा जिल्ह्यातला माणूस सावलीकडची खिडकी पकडतो, त्यात विचार करायचा नसतो. नलूला समुद्र दिसला तो एका म्हाताऱ्याच्या टोपीच्या आणि एका पोरीच्या दप्तराच्या मधून, बोटभर.

ती रागावली नाही. हळूच म्हणाली, "जिंदगीभर जागाच पकडल्या तुमी. खिडकीतून काय दिसते, ते कवा पाह्यलं?"

गजेंद्र पुढं ड्रायव्हरकडं बघत बसला. पांढरे हातमोजे घातलेला तो एकटाच माणूस गाडी हाकायचा, तिकिटं घ्यायचा आणि प्रत्येक सिग्नलला बोट दाखवून स्वतःशीच काहीतरी बोलायचा. अंकितानं सांगितलं होतं, बोट दाखवलं म्हणजे बघितलं, सगळं ठीक आहे.

उतरायचं गाव आलं. उतरताना गजेंद्रनं ड्रायव्हरला हातवाऱ्यांनी सगळी कथा सांगितली. समुद्र दाखवला, बायको दाखवली, डोंगराकडची खिडकी दाखवली आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. ड्रायव्हरचा चेहरा हलला नाही. त्यानं वाकून नमस्कार केला. या सगळ्यात दुपट्टा गाडीतच राहिला.

गाव मात्र काय गाव होतं! दोरीवर कपड्यांसारखे मासे वाळत घातलेले, गल्ली इतकी स्वच्छ की तिथंच पंगत बसवावी. एका दुकानात संत्री होती, पैशाचा डबा होता, दुकानदार नव्हता. गजेंद्रनं चारी बाजूंना पाहिलं, एक संत्रं घेतलं, डब्यात नाणी टाकली आणि मग अजून एक नाणं टाकलं.

"इथं लबाडी कराची तरी कोनासंग?" तो म्हणाला.

नलू पाण्यात पाय घालून उभी राहिली, शिंपले वेचले, मन भरून हसली. पण परत स्टेशनाकडं चालताना तिनं मोबाईल काढला आणि तोच जुना व्हिडिओ लावला.

संध्याकाळी तीच गाडी पुढच्या गावाहून भरून आली. दुपट्टा नव्हता, घाईही नव्हती. गजेंद्र रांगेच्या शेवटी पट्ट्याला पाय जुळवून उभा राहिला. त्याला ताप तर नाही ना, अशा नजरेनं नलू बघत होती.

आत माणसं कड्यांना लोंबकळत उभी होती. डोंगराकडच्या त्यांच्या जातानाच्या सीटवर एक पोरगी पेंगत होती. समुद्राकडच्या खिडकीपाशी मात्र दोन सीटा रिकाम्या होत्या आणि त्यांवर चौघडी केलेला गजेंद्रचा दुपट्टा होता. सगळे त्याच्याभोवती उभे, कोणी त्याला धक्कासुद्धा लावला नव्हता. ऊन डोंगरामागं गेलं होतं. आता सावलीही याच बाजूला होती.

नलू खिडकीशी बसली. गजेंद्रनं पुढं पाहिलं. ड्रायव्हरनं पांढरं बोट आधी नलूच्या खिडकीकडं केलं, मग सिग्नलकडं, स्वतःशीच काहीतरी बोलला आणि गाडी सोडली.