कुंडीची जागा

आई रोज सकाळी गुणगुणत कुंडीतल्या दुर्मीळ मॉन्स्टेराच्या झाडाचं एकेक पान ओल्या फडक्याने पुसायची. माझ्या गालावरून तिने तसा हात कधी फिरवला नाही.

ती गेल्यावर मी झाडाकडे ढुंकून पाहिलं नाही. रायपूरच्या कारखान्यांची काळी धूळ घरभर बसली, तिच्या फोटोवरही. पानं मात्र लखलखीत राहिली.

"काय वं मोनाली, मायसारखीच पानं पुसून राहिली का रोज?" शेजारच्या मंदाकाकूंनी विचारलं.

"मी हातही लावला नाही, काकू."

आज सकाळी मी कुंडी आतल्या खोलीत कोंडली आणि कुंडीच्या जागी डोळे मिटून बसले.

गालाला ओलं फडकं टेकलं. क्षणभर थांबलं. मग दूर झालं.

बंद दाराआड आईचं गुणगुणणं सुरू झालं.