बहिरेपणाची तालीम

कान तपासणाऱ्या सरकारी मॅडमनी पुठ्ठ्याचा तुकडा स्वतःच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाल्या, “खिडकी.” समोरच्या स्टुलावर बसलेली भिंगरी गप्प. “कपाट.” तरी गप्प. “पायरी.” भिंगरी त्या पुठ्ठ्याकडे नुसती बघत राहिली. मागच्या खुर्चीत तिचा बाप मनातल्या मनात टाळ्या वाजवत होता.

तालीम त्यानेच घेतली होती. धंद्याने तो सलूनवाला. शाळेच्या नाटकात एकदा द्वारपाल झाला होता आणि वाट्याला आलेलं एकुलतं एक वाक्य विसरला होता, नाटकाशी त्याचा संबंध एवढाच. पण गेला आठवडाभर घरी आला की तो दिग्दर्शक व्हायचा. कानात ऐकायचं मशीन असलं तरी ऐकू येतंय असं दाखवायचं नाही. मागून हाक आली तर वळायचं नाही. पहिल्याच दिवशी त्याने भिंगरीच्या मागे जाऊन हाका मारल्या. पोरगी ढिम्म. इतक्या पटकन भूमिकेत शिरलेली पाहून त्याला आपल्याच शिकवण्याचं कौतुक वाटलं.

ही वेळही त्यानेच आणली होती. भिंगरीच्या शाळेत वर्ग खच्चून भरलेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खासगी शाळा होती. तिथे वर्गात मोजकी मुलं आणि हातांच्या खुणांनी शिकवणारे शिक्षक. फी ऐकूनच घाम फुटावा अशी. ती सरकार शिष्यवृत्तीतून भरणार होतं, पण मुलाला खरोखरच फार कमी ऐकू येत असेल तर. गेल्या वर्षी या मॅडमच्या जागी एक साहेब होते. त्यांनी समोरासमोर बसून भिंगरीला चार प्रश्न विचारले आणि मग बापाला विचारलं, घरी बोललेलं कळतं का? बापाची छाती फुगली. म्हणाला, साहेब, माझ्या सगळ्या विनोदांना हसते. एवढ्यावर थांबला तर तो कसला. त्याने एक विनोद सांगूनही दाखवला. भिंगरी हसली. साहेबही हसले आणि त्यांनी शिष्यवृत्ती नाकारली. बायकोने त्यावर अबोला धरला. अबोला सुटला तेव्हा त्याला वाटलं, होता तेच बरं होतं.

पण छाती फुगायला कारण होतं. दुकानात त्याच्या विनोदांना गिऱ्हाईक हसायचं खरं, पण मानेवर वस्तरा असल्यावर कोण हसणार नाही? बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षातच तो नाद सोडला होता. मनापासून हसायची ती एकटी भिंगरी. तोंडाकडे टक लावून बघायची आणि नेमक्या जागी हसायची. दिवसभर लोकांचे केस झाडून आलेल्या माणसाला ते हसणं पुरायचं. आपण अगदीच काही टाकाऊ नाही, असं वाटायचं.

मॅडमनी पुठ्ठा खाली ठेवला आणि तोच प्रश्न विचारला. “घरी तुम्ही बोलता ते तिला कळतं?”

त्याने बायकोचा चेहरा आठवला. “नाही मॅडम. माझं तर काहीच कळत नाही.”

बोलला आणि त्याची कानशिलं तापली. ज्याला खरी गरज आहे अशा कुणाच्या तरी पोराच्या तोंडचा घास आपण काढतोय, असं त्याला वाटलं. मॅडम म्हणाल्या, शिष्यवृत्ती मंजूर होईल. मात्र बोलायला शिकवणाऱ्या ज्या ताई सरकार आताच्या शाळेत पाठवतं, त्या बंद होतील. दोन्ही एकदम मिळत नाही. त्याने मान डोलावली. चोरीच्या मालात घासाघीस करायला त्याला तोंड नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात भिंगरी बाकावर बसून बुटाची नाडी बांधू लागली. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि अंगठा वर करून म्हणाला, झकास काम केलंस.

“हे कशाचं?” भिंगरी त्याच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली.

ऐकू येत नसल्याचं, असं त्याने कानावर हात ठेवून समजावलं. भिंगरी म्हणाली, “त्यांनी तोंड झाकलं होतं ना, बाबा.”

मग तिने सगळं सांगितलं, अगदी सहज, शाळेतली गंमत सांगावी तसं. आईचं बोलणं कळतं, कारण आई सावकाश बोलते आणि ओठ दिसतात. बाबांचं कळत नाही. ते भरभर बोलतात आणि बोलताना सारखे इकडेतिकडे वळतात. आठवडाभर ते काय शिकवत होते तेही तिला कळलं नव्हतं. बाबा सारखे आपल्या मागे का जाऊन उभे राहतात, एवढंच तिला कोडं पडलं होतं.

म्हणजे मघाशी तो खोटं बोललाच नव्हता. त्या खोलीत पहिल्यांदाच खरं बोलला होता, तेही खोटं समजून. इतकी वर्षं ही पोर आपल्यासमोर बसून आपल्याला सांभाळून घेत होती. तिला जवळ घ्यावं, माफी मागावी, असं खूप काही करता आलं असतं. पण या माणसाने विचारलं ते स्वतःबद्दलच. एकेक शब्द सुटा करून, तोंड तिच्याकडे ठेवून त्याने विचारलं, “मग माझ्या विनोदांना हसतेस ती कशी?”

भिंगरीला प्रश्न कळला. त्याचं पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलेलं बहुधा हे पहिलंच वाक्य.

“विनोद संपला की तुमच्या भुवया वर जातात,” ती म्हणाली. “तेव्हा हसायचं.”

त्याच्या भुवया वर गेल्या.

आणि भिंगरी खळखळून हसली.