वर दोन बोटं

"आता नदीने नुसती कूस बदलली, तरी आधी आपल्याला कळेल!" पूरनियंत्रण कक्षातला भलामोठा पडदा सुरू करताना साहेब गरजले. नदीने तिसऱ्याच दिवशी कूस बदलली आणि पुलाला लावलेलं पातळी मोजणारं यंत्रच गिळून टाकलं.

पडद्यावर नुसत्या रेघा. समोर बसणाऱ्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. खालची वस्ती कधी हलवायची, हे आता सांगणार कोण? पूर्वी त्यांचे यजमान काठावर उभे राहून पुलाच्या खांबावरची पट्टी वाचायचे आणि फोनवर कळवायचे. गेल्या वर्षीच्या पुरात ते वाहून गेले, ते सापडलेच नाहीत.

तेवढ्यात त्याच पुलाच्या नावापुढे अक्षरं उमटली : 'साडेसात मीटर, वर दोन बोटं.'

"अहो बाई, यंत्राला बोटं कुठून फुटली?" साहेब खेकसले.

असं बोटांनी मोजणारा माणूस एकच होता. बाईंनी भोंगा वाजवला. वस्ती टेकडीवर पोहोचली आणि मागोमाग घराघरांत पाणी शिरलं.

पडद्यावर आणखी एक ओळ आली :


'अगं, माझा चष्मा तेवढा पाठवून दे. खालून पट्टी नीट दिसत नाही.'