दळणाची म्हातारी

शेजारचे मनोहरराव पेपर नाचवत दारात आले आणि त्यांनी केशवचं अभिनंदन केलं. केशव दाढी करत होता. ज्या चित्रांबद्दल अभिनंदन, ती काढणारी त्याची बायको सुहासिनी आत भाकरी थापत होती.

"माहं काहून?" अर्ध्या गालाचा साबण तसाच ठेवून केशवनं विचारलं.

"नाव तं तुह्याच घरचं आलं ना गा."

केशवच्या वडिलांनी, गोपाळरावांनी, पेपर ओढून घेतला, चष्मा पुसला आणि कचेरीत हुकूम वाचावा तसं मोठ्यानं वाचलं. मुंबईच्या सिनेमा पारितोषिकांसाठी यंदाच्या छोट्या कार्टूनपटांतून तिघांना नामांकन मिळालं होतं. त्यात 'पिठाची वाट'. चित्रे, सौ. सुहासिनी केशव देशकर, नागपूर. समारंभ येत्या रविवारी.

घरात आनंद झाला, खोटं कशाला बोला. सासूबाईंचे, म्हणजे अंजनाबाईंचे, दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेल्यात जमा होते. त्या चाचपडत आल्या, सुनेच्या गालांवरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. या घरानं तिच्या चित्रांना कधी नाही म्हटलं नव्हतं. दुपारची भांडी आटोपली की ती खिडकीची जुनी काच दोन डब्यांवर आडवी ठेवी, खाली बल्ब लावी आणि मुंबईच्या सिनेमावाल्यांकडून आलेल्या कागदांवर एक म्हातारी काढत बसे. डोक्यावर दळणाचा डबा, हातात काठी, निघालेली गिरणीला. मग त्यावर दुसरा कागद, पुन्हा तीच म्हातारी, पाय फक्त केसभर पुढं. गठ्ठा झाला की पार्सल मुंबईला. तिथं एकेक कागद कॅमेऱ्याखाली ठेवत आणि म्हणे म्हातारी चालायला लागे. सुहासिनीनं ते पाहिलं नव्हतं. चार-पाच कागद बोटांत धरून फडफडवले की पाय जरासा उचलल्यासारखा दिसे, तेवढंच.

"तिथं दाखवणार आहेत का?" तिनं दारातूनच विचारलं. हात पिठाचे होते.

"तं काय. मोठ्या पडद्यावर," मनोहरराव म्हणाले, जणू पडदा तेच बांधणार होते.

तिला जायचं होतं. लग्न झाल्यापासून इतक्या मनापासून तिला काही हवंसं वाटलं नव्हतं.

"रविवार," गोपाळराव कॅलेंडरपुढे उभे राहून पुटपुटले. "अन् गुरुवारी आपलं धंतोलीत आहे."

धंतोलीत अंजनाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. किती खेटे घातल्यावर तारीख मिळालेली. नंतर आठवडाभर डोळ्यांवर पट्टी, उताणं निजायचं, मान हलवायची नाही.

"मी राहतो आईजवळ," केशव म्हणाला. "सुटी काढतो. हिले हिचा भाऊ घेऊन जाईन मुंबईले."

सुहासिनी पिठाच्या हातांनी एक पाऊल पुढं आली.

अंजनाबाई हसायला लागल्या. "तू राहून काय करशीन रे? लुगडं बदलशीन माहं? भांडं देशीन? त्यापरीस मी आंधळीच बरी." मनोहररावही हसले. केशव लाजला. "बाईमाणूसच लागते. आपली शोभा आली असती कुहीच्या सासरहून, पण तिले आता आठवा महिना लागला."

गोपाळरावांनी कॅलेंडरचं पुढचं पान उलटून पाहिलं. मग अंजनाबाईच म्हणाल्या, "असं करा, ऑपरेशन पुढं ढकला. इतके दिवस काढले, अजून काढीन. पोरीले जाऊ द्या."

त्या हे मनापासून म्हणाल्या, आणि तिथंच सगळं संपलं. त्यांनी मोडता घातला असता तर सुहासिनीला भांडता आलं असतं, रुसता आलं असतं. आता सगळे तिच्याकडे पाहत होते. हो म्हणायला जीभ रेटेना.

"नाही आई," ती म्हणाली. "ऑपरेशन होऊन जाऊ द्या."

"सून असावी तं अशी," मनोहरराव म्हणाले.

पुढचं झरझर ठरलं. बक्षीस मिळालं तर घ्यायला घरचं कोणीतरी हवंच, तेव्हा केशव जाईल. मनोहररावांचा कोट त्याला खांद्यात बसतो. पाहुण्यांसमोर फार बोलू नये, पण गप्पही राहू नये. गोपाळराव कोपऱ्यातून बॅग काढून झटकायलाही लागले. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला निघालेल्या केशवलाच तेवढं अवघडल्यासारखं होत होतं. तो हळूच स्वयंपाकघरात आला. गालावरचा साबण वाळून गेला होता.

"तुले वाईट वाटून राहिलं का?"

"वाटून राहिलं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

त्यानं उगाच पाण्याच्या भांड्यावरचं झाकण नीट केलं.

"तिथं मले कोणी काही विचारलं तं काय सांगू?"

"काही नका सांगू. फक्त नीट पाहून या."

"काय पाहू?"

"म्हातारी गिरणीपर्यंत पोचते का, ते."

केशव हसला. "आता घ्या. तूच काढली तिले, अन् तुलेच ठाऊक नाही?"

सुहासिनीनं भाकरीवर पाणी फिरवलं.

"मी काढली तेव्हा ती दर कागदावर उभीच होती," ती म्हणाली. "जाताना नाही पाहिली मी तिले."